आकाशातले पुंड

प्राध्यापकाने मासिकात लेख लिहावा तो एखाद्या ग्रंथाची शिफारस करण्यासाठी, असा संकेत आहे; आणि पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने तर तो ग्रंथ शक्य तितका जाड निवडावा, असाही एक अलिखित नियम आहे. हे दोन्ही संकेत मोडून आम्ही आज वाचकांपुढे जपानी चलचित्रांची शिफारस घेऊन उभे आहोत. ही चित्रे हाताने काढलेली आहेत, ती केवळ मुलांसाठी असतात असा सार्वत्रिक समज आहे, आणि त्यांतील नायक म्हणजे अंतराळात हिंडणारे चाचे, फरारी व बंडखोर आहेत. एवढा कबुलीजबाब प्रारंभीच दिलेला बरा. ज्यांस हसावयाचे असेल त्यांनी आताच हसून घ्यावे व मग पुढे वाचावे. आम्हीही प्रथम हसलोच होतो.

त्याचे असे झाले. एका दिवाळीत आमची कन्या नागपुराहून सुटीस देवरीला आली होती. रात्रीची जेवणे झाल्यावर संगणकाचा पडदा उघडून ती काही पाहत बसली होती. आम्ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जवळच बसलो होतो. सहज मान वर केली तो पडद्यावर एक उंच, कृश, एकाक्ष पुरुष दिसला. अंगावर काळा झगा, छातीवर कवटीचे चिन्ह, आणि मागे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर फडकणारे काळे निशाण. जेथे वाराच नाही तेथे निशाण कसे फडकते, असा शास्त्रीय आक्षेप आम्ही तत्काळ घेतला व त्यापाठोपाठ नैतिक आक्षेपही घेतला. चाच्यांच्या गोष्टी पाहण्याचे हे वय आहे काय, असे आम्ही विचारले.

कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, आठवीत असताना तुम्हीच मला 'फकिरा' वाचायला दिली होतीत. खजिना लुटणारा फकिरा तुम्हाला चालतो, मग हार्लॉक का चालू नये?"

अण्णा भाऊ साठे यांची ती १९५९ सालची कादंबरी आम्ही तिला दिली होती, हे खरे. ते साहित्य आहे आणि हे व्यंगचित्र आहे, असे काहीतरी आम्ही पुटपुटलो. त्यावर स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, एक भाग पाहा तरी. न पाहता नापास करायला ती काय तुमच्या वर्गातली आहे?" घरात बहुमत असे विरुद्ध गेल्यावर शहाण्या माणसाने काय करावे ते आम्ही केले. गठ्ठा बाजूस ठेवला व पाहू लागलो. त्या दिवाळीत उत्तरपत्रिका उशिरा तपासून झाल्या, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

या प्रकारच्या चित्रांस जपानात 'ॲनिमे' म्हणतात. 'ॲनिमेशन' या इंग्रजी शब्दाचे ते जपानी जिभेने केलेले आखूड रूप आहे. ही कला आपणांस अगदीच परकी आहे असे कोणी समजू नये. युगो साको या जपानी गृहस्थांनी आपल्या राम मोहन यांच्या सहकार्याने रामायणावर काढलेला चित्रपट १९९२ सालचा आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडील चित्रपटगृहांत पुन्हा लागला. परंतु आमचा आजचा विषय त्यातल्या एका विशिष्ट शाखेपुरता आहे. तीस आम्ही 'अंतराळनाट्य' म्हणतो. तारकामंडळांचा रंगमंच, गलबतांसारखी अंतराळयाने, आणि त्यांवर राज्यसत्तेशी फटकून वागणारा एखादा नायक, असा तिचा साचा आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेस बक्षीस मिळाले व ती जयंत नारळीकरांची निघाली, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानच्या दूरचित्रवाणीवर 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही मालिका सुरू झाली. दोहोंची वाट मात्र वेगळी. आमच्या अंतराळकथांचा नायक बहुधा शास्त्रज्ञ राहिला. तो गणित मांडतो, धोका ओळखतो व सरकारास सावध करतो. जपान्यांचा नायक सरकारवर विसंबून राहीनासा झाला. यामातो ही महायुद्धातील खरी युद्धनौका. १९४५ च्या एप्रिलात ती बुडाली. मालिकेत तीच समुद्रतळातून वर येते व मरणोन्मुख पृथ्वीसाठी आकाशात जाते. प्रथम हिला प्रेक्षक थोडे मिळाले. पुढे १९७७ साली तिच्यावरून जुळवलेल्या चित्रपटास मात्र लोकांनी गर्दी केली.

या मालिकेच्या घडणीत लेइजी मात्सुमोतो या चित्रकथाकाराचा मोठा हात होता. त्यांचा जन्म १९३८ चा व मृत्यू २०२३ चा. वडील लष्करी वैमानिक होते, आणि जपान शरण गेला तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता. ज्या वडीलधाऱ्यांनी काल एक गोष्ट निक्षून सांगितली, तेच आज तितक्याच गंभीरपणे तिच्या उलट सांगत आहेत, हे दृश्य त्या पिढीतील प्रत्येक मुलाने पाहिले. अशा मुलाच्या मनात आज्ञा, निशाण, राष्ट्र या शब्दांविषयी एक कायमची सावधगिरी उत्पन्न व्हावी, हे आम्हांस स्वाभाविक वाटते. ती सावधगिरी त्यांच्या 'अंतराळचाचा कॅप्टन हार्लॉक' या मालिकेत भरून राहिली आहे.

ही मालिका १९७८ च्या मार्चात सुरू झाली व पुढल्या फेब्रुवारीत संपली. दिग्दर्शक रिंतारो, भाग बेचाळीस. कथेतील साल २९७७. पृथ्वीवर सुबत्ता इतकी की कोणास काही करावे असे वाटत नाही. यंत्रे कामे करतात, माणसे करमणुकीच्या गुंगीत पडून असतात, आणि प्रधानमंत्र्यांस संकटाची वार्ता कळवावी तर ते गोल्फ खेळण्यात गढलेले! अंतराळातून माझोन नावाच्या परक्या जातीचे आक्रमण येऊ घातले आहे, हे ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांचे खून पडतात आणि राज्यकर्ते खांदे उडवतात. अशा वेळी पृथ्वीच्या रक्षणास उभा राहतो तो हार्लॉक. त्याच पृथ्वीच्या सरकारने त्यास गुन्हेगार ठरवलेले आहे. सरकारी मालवाहू याने तो खरोखरीच लुटतो. तेव्हा आरोप खोटा आहे असेही नाही.

त्याचे 'अर्केडिया' हे यान पाहून आम्हांस प्रथम हसू आले. त्यावर चाळीसेक माणसे, पण शिस्त म्हणून नाही. कोणी डाव मांडून बसला आहे, कोणी खेळण्यातली जहाजे जोडीत आहे, कोणी झोपला आहे. आमच्या शिक्षकी डोळ्यांस तो एक तासिका बुडवणाऱ्यांचा वर्गच वाटला. परंतु संकटाची घंटा झाली की तीच माणसे क्षणार्धात आपापल्या जागी उभी असतात. कप्तान कोणास हाक मारीत नाही व शिक्षाही करीत नाही. जो येतो तो आपल्या इच्छेने येतो व ज्यास जायचे असेल त्यास वाट मोकळी असते. इतकी वर्षे हजेरी घेऊन आम्ही जे साधू शकलो नाही, ते हा चाचा हजेरी न घेता साधतो, हे पाहून आम्ही थोडे खिन्न झालो.

येथपर्यंत ही केवळ आवडीची गोष्ट होती. पुढे ती तशी राहिली नाही.

सुटी संपून कन्या परत गेली, पण आमचा छंद राहिला. शनिवारी सायंकाळी चारसहा विद्यार्थी आमच्या ओसरीवर येऊ लागले व आम्ही भिंतीवर चादर लावून त्यांस एकेक भाग दाखवू लागलो. खाली इंग्रजी अक्षरांत संवाद येत. ते आम्ही मराठीत सांगत असू. एका शनिवारी भाग संपल्यावर आम्ही नेहमीच्या सवयीने छोटेसे व्याख्यान दिले. इंग्रज व पोर्तुगीज ज्यास चाचा म्हणत, तो कान्होजी आंग्रे आमचा सरखेल होता. १७२१ साली त्या दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली तरी त्यांस तो आटोपला नाही. आणि आज मुंबईतील नौदलाचे एक ठाणे त्याच्याच नावाने ओळखले जाते. उमाजी नाईक सरकारदप्तरी दरोडेखोर होता; १८३२ साली पुण्यात त्यास फाशी दिले. आणि लांब कशास जावे? आमच्या दक्षिणेस चांदा येथे १८५८ च्या ऑक्टोबरात ज्या बाबूराव शेडमाके यांस फाशी झाली, त्या गोंड जमीनदाराचाही अपराध राजद्रोहाचाच होता. तात्पर्य, राज्यकर्त्याने दिलेल्या नावावरून माणसाची परीक्षा करू नये, असा समारोप करून आम्ही समाधानाने चष्मा पुसू लागलो.

तेव्हा मागे बसलेला एक मुलगा उभा राहिला. तो चिचगडच्या पलीकडील अरण्यातल्या एका खेड्याचा. वर्गात तो सहसा बोलत नसे.

"सर," तो म्हणाला, "आमच्या गावात बंदूकवाले येत होते. तेही सांगत, सरकार खोटं आहे, आम्ही तुमच्यासाठीच लढतो. रात्री येऊन भात मागत. नाही म्हणायची सोय नव्हती. मग सकाळी दुसरे बंदूकवाले येत आणि विचारत, रात्री भात कोणी दिला? माझ्या आज्याला दोन्ही वेळा उत्तर द्यावं लागलं. तर सर, हार्लॉक चांगला आणि ते वाईट, किंवा ते चांगले आणि दुसरे वाईट, हे ओळखायचं कसं?"

ओसरीवर कोणी हलले नाही. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात 'बंडखोर' हा शब्द एक अलंकार आहे. कवीस लावावा, नटास लावावा, कॉफीबरोबर घ्यावा. पूर्व विदर्भाच्या या झाडीत कित्येक वर्षे त्या शब्दास भाताचे, रक्ताचे व बंद दाराआडच्या रात्रींचे वजन होते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. देवरीत इतकी वर्षे राहून ते ठाऊक नसणे शक्यच नव्हते. तरीही आम्ही व्याख्यान दिले ते ठाऊक नसल्यासारखे. मुलास काय सांगावे ते सुचेना. 'प्रश्न महत्त्वाचा आहे, पुढल्या वेळी बोलू,' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर न येणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाचे हेच उत्तर असते, आणि विद्यार्थ्यांस ते पाठ असते.

त्यानंतर कित्येक दिवस त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. मालिका आम्ही पुन्हा पाहिली, ती या वेळी उत्तर शोधण्यासाठी. प्रथम जे ध्यानात आले ते असे की, अंतराळनाट्याने बंडखोरास एक मोठी सवलत दिली आहे. आकाशात गाव नसते. हार्लॉक मोकळ्या पोकळीत संचार करतो. तेथे कोणाचे शेत तुडवले जात नाही, कोणाच्या चुलीपुढे त्यास हात पसरावा लागत नाही. पृथ्वीवरचा बंडखोर रात्री कोणाचा तरी भात खातो आणि त्या भाताचा हिशेब सकाळी दुसऱ्याच कोणास तरी द्यावा लागतो. आकाशातला पुंड इतका निर्मळ दिसतो याचे अर्धे कारण त्या आकाशाच्या रिकामेपणात आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही शिफारस येथेच मागे घ्यावी लागली असती. परंतु मात्सुमोतोंनी त्या रिकाम्या आकाशाखाली एक दुवा जाणूनबुजून ठेवला आहे. मायू नावाची एक लहान मुलगी पृथ्वीवरच्या अनाथाश्रमात राहते. हार्लॉकचा दिवंगत मित्र तोचिरो याची ती मुलगी. अर्केडिया यान बांधणारा हाच मित्र, आणि त्याचा आत्मा यानाच्या यंत्रात वास करतो अशी कल्पना आहे. मुलीचा सांभाळ करीन असे वचन हार्लॉकने दिले आहे. सरकारास हे कळते, आणि त्यास पकडण्यासाठी ते त्या पोरीचाच आमिष म्हणून उपयोग करते. हार्लॉकपुढे प्रत्येक वेळी तोच प्रश्न उभा राहतो, की आपल्या बंडाची झळ या निरपराध मुलीस लागू द्यावी काय? आणि प्रत्येक वेळी तो सापळा आहे हे जाणून स्वतः खाली उतरतो.

हे पाहिले आणि आम्हांस 'फकिरा' आठवली. दुष्काळात फकिरा धान्य लुटून उपाशी माणसांत वाटतो, सरकारी खजिना लुटतो. हे सर्व वाचताना आमची पिढी रोमांचित झाली. पण त्या कादंबरीची खरी उंची शेवटी आहे. सरकार जेव्हा त्याच्या माणसांना धरून छळू लागते, तेव्हा तो अरण्यात सुरक्षित राहू शकला असता; तो तसे करीत नाही. आपली माणसे सुटावीत म्हणून तो आपण होऊन इंग्रजांच्या स्वाधीन होतो. वारणेकाठचा अण्णा भाऊंचा मांग आणि जपानी चित्रकाराचा चाचा यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. दोघेही कसोटीच्या क्षणी एकच गोष्ट करतात. बंडाचे देणे ते दुसऱ्याच्या नावे लिहीत नाहीत.

आमच्या मते त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. नावावरून परीक्षा होत नाही, कारण राज्यकर्ता प्रत्येक विरोधकास चाचा म्हणतो. घोषणेवरून होत नाही, कारण प्रत्येक बंदूकवाला स्वतःस तारणहार म्हणतो. किंमत कोण देतो, एवढेच पाहावे. हीच फूटपट्टी सरकारच्या गणवेशासही लावावी, नाहीतर ती फूटपट्टी राहत नाही. आणखी एक खूण मालिकेच्या अखेरीस सापडते. युद्ध संपते, तेव्हा हार्लॉक सिंहासन मागत नाही. आपल्या सोबत्यांस तो पृथ्वी नव्याने उभारण्यासाठी मागे ठेवतो व स्वतः पुन्हा आकाशात निघून जातो.

असो. शिफारस म्हटली की यादी आली, ती आता थोडक्यात देतो.

ज्यांस बेचाळीस भागांचा धीर नसेल त्यांनी हार्लॉकच्या पूर्वायुष्यावरील 'माझ्या तारुण्यातील अर्केडिया' हा १९८२ चा चित्रपट पाहावा. पृथ्वी परक्यांनी जिंकलेली, हार्लॉक पराभूत सेनेचा कप्तान, आणि त्याची प्रिया माया गुप्त नभोवाणीवरून लोकांस धीर देत असलेली. १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहतांनी मुंबईत गुप्त रेडिओ चालवला व नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस माया परकी वाटणार नाही.

लहान मुले घरात असतील तर 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९' हा १९७९ चा चित्रपट. वाफेच्या इंजिनाची आगगाडी ताऱ्यांमधून धावते. आईचा वियोग झालेला तेत्सुरो हा मुलगा यंत्राचे अमर शरीर मिळवण्यासाठी तीत बसतो आणि अमरत्वाचे मोल काय ते वाटेत शिकतो. हार्लॉकही त्यात भेटतो. आम्हांस तो पाहताना गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी, आमच्या बालपणीची छोट्या रुळांची गाडी आठवली. ते रूळ आता रुंद झाले आहेत. तीही रात्री अरण्यात शिरली की आकाशात चालली आहे असेच वाटत असे.

बुइची तेरासावा यांच्या 'कोब्रा' या चाच्याची मालिका १९८२ ची. रंगेल, हसरा, डाव्या हातात अस्त्र दडवलेला हा वीर बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या वाचकांस आवडेल. मात्र त्यातील स्त्रीपात्रांच्या अंगावरील वस्त्रे फारच काटकसरीने बेतलेली आहेत; तेव्हा ती सहकुटुंब पाहू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

'काउबॉय बिबॉप' ही १९९८ ची सव्वीस भागांची मालिका जाणत्या मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी. तीही हिंसाचारामुळे जपानात प्रथम पुरती दाखवली गेली नाही. सर्व भाग नंतर दुसऱ्या वाहिनीवर आले. शिनिचिरो वातानाबे दिग्दर्शक आणि योको कान्नो यांचे जाझ संगीत. येथले नायक बक्षिसासाठी गुन्हेगार पकडतात आणि बहुधा उपाशी राहतात. पहिल्याच भागात मांसाची म्हणून वाढलेली भाजी निघते नुसत्या ढोबळ्या मिरचीची! काळ्या निशाणाचे दिवस सरल्यावर थकलेला माणूस आपले जुने देणे कसे फेडतो, याची ही उदास आणि सुंदर कथा आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. हार्लॉकच्या मालिकेत पाणी घातलेले भाग आहेत, आणि तीच ती चित्रे पुन्हा पुन्हा वापरून खर्च वाचवलेला दिसतो. तिच्यातील शत्रू सर्व स्त्रीरूप का, हा आमच्या कन्येचा आक्षेप आम्हांस खोडता आला नाही. रोज एकच भाग पाहावा व पाहिल्यावर घरात त्याविषयी भांडावे. न भांडता पाहिल्यास उपयोग नाही.

त्या मुलास उत्तर देण्यास आम्हांस दीड महिना लागला. धानाची कापणी आटोपून तो परत आला होता. शनिवारी ओसरीवर सर्वांसमक्ष आम्ही प्रथम कबूल केले की, त्या दिवशी आम्हांस उत्तर येत नव्हते. आणि मग वर लिहिले तेच, थोड्या कमी शब्दांत, सांगितले. त्याने ऐकून घेतले. थोडा वेळ गेला. मग आपल्या गावच्या बोलीत तो म्हणाला, "म्हंजे सर, भात कोनाच्या घरचा, हेच पाहाचं ना?"

आम्ही होय म्हणालो. त्याने मान हलवली. ती पटल्याची होती की विचार करीन अशी, ते आम्ही विचारले नाही. पुढल्या शनिवारी कोणते चित्र आहे, असे त्याने जाता जाता पुसले. आगगाडीचे आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग धाकट्या बहिणीलाही आणतो, तिने अजून आगगाडी पाहिलेली नाही.